दहा डॉलरचे सभासदत्व : कू क्लक्स क्लॅनचा उदय आणि अस्त

कू क्लक्स क्लॅन हे नाव एकच असले, तरी त्या नावाखाली अमेरिकेत वेगवेगळ्या काळात निरनिराळ्या संघटना उभ्या राहिल्या. पहिली यादवी युद्ध संपल्यावर टेनेसी राज्यातील पुलास्की गावी, दक्षिणेच्या पराभूत सैन्यातील सहा जणांनी काढली. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी मतदानाला जाऊ नये म्हणून रात्री घरांवर चालून जाणे, फटके मारणे, खून पाडणे, हे लवकरच तिचे काम झाले. १८७०-७१ चे क्लॅनविरोधी कायदे आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी वापरलेली फौज यांनी ती मोडली.

दुसरी क्लॅन जन्मली १९१५ मध्ये. त्या वर्षी दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या मूकपटाने जुन्या मारेकऱ्यांना नायक बनवले होते. नोव्हेंबरमध्ये विल्यम सिमन्सने जॉर्जियातील स्टोन माउंटनवर क्रूस पेटवून संघटना पुन्हा सुरू केली. क्रूस जाळण्याची चाल मूळ क्लॅनमध्ये नव्हती. ती या चित्रपटातून आणि तो ज्या कादंबरीवर बेतला होता तिच्यातून उचललेली.

पाच वर्षे हा प्रपंच रखडतच चालला. मग १९२० मध्ये एडवर्ड क्लार्क आणि एलिझाबेथ टायलर या जाहिरात व्यावसायिकांनी सभासदनोंदणीचा ठेका घेतला. प्रवेश फी दहा डॉलर. त्यातले चार सभासद आणणाऱ्या दलालाचे, उरलेल्यातला मोठा वाटा क्लार्कच्या यंत्रणेचा. झगे आणि टोप्या विकूनही कमाई होई. गिऱ्हाईक वाढवायचे तर शत्रूही वाढवायला हवेत, म्हणून कृष्णवर्णीयांच्या जोडीला कॅथलिक, ज्यू, स्थलांतरित आणि चोरटी दारू विकणारेही यादीत आले. १९२१ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ने लेखमालेतून बिंग फोडले आणि काँग्रेसमध्ये चौकशी झाली; पण झाली ती फुकटची जाहिरात. दशकाच्या मध्यावर सभासद काही दशलक्ष होते, आणि त्यांत दुकानदार, पाद्री, डॉक्टर असे गावातले प्रतिष्ठित लोक पुष्कळ होते.

इंडियाना राज्यात तर क्लॅनचा नेता डी. सी. स्टीफन्सन जवळजवळ सरकारच चालवत असे. १९२४ मध्ये निवडून आलेला गव्हर्नर एड जॅक्सन त्याच्याच पाठबळावर आला. पुढच्याच वर्षी एका तरुणीचे अपहरण, बलात्कार आणि तिचा मृत्यू या प्रकरणी स्टीफन्सनला जन्मठेप झाली. स्त्रियांच्या अब्रूचा रखवालदार म्हणवणाऱ्या संघटनेला हा घाव जिव्हारी लागला. गव्हर्नर माफी देईना, तेव्हा स्टीफन्सनने आपण पोसलेल्या पुढाऱ्यांची बिंगे वर्तमानपत्रांपुढे उघडी केली. त्यातच १९२४ च्या कायद्याने स्थलांतराला कडक मर्यादा घातल्याने भरतीचे एक मोठे कारणही उरले नव्हते. १९३० पर्यंत सभासदसंख्या पार रोडावली. १९४४ मध्ये थकलेल्या कराची साडेसहा लाख डॉलरहून मोठी मागणी आली, आणि संघटना विसर्जित झाली.

नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात याच नावाच्या टोळ्या दक्षिणेत पुन्हा उठल्या. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधील त्यांच्या बॉम्बने चार मुलींचा बळी घेतला. या टोळ्यांतील सर्वांत बलाढ्य अशी ‘युनायटेड क्लॅन्स ऑफ अमेरिका’ १९८७ मध्ये बुडाली. कृष्णवर्णीय तरुण मायकल डोनाल्डच्या खुनाबद्दल ज्युरीने तिला सत्तर लाख डॉलरची भरपाई ठोठावली, आणि तिचे मुख्यालय त्याच्या आईच्या मालकीचे झाले.