गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ

भारतीय फौजदारी कायद्यातील एक आंशिक बचाव. समोरच्याने एकाएकी तीव्र चिथावणी दिल्याने आरोपीचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्याच भरात त्याने चिथावणी देणाऱ्याचा जीव घेतला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हा कलम ३०० चा पहिला अपवाद होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे. आरोपी यातून निर्दोष सुटत नाही, पण फाशी टळते. मारण्याचा हेतू असला तरी शिक्षा जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षांचा कारावास अशी होते.

कृत्य आणि त्यामागचा हेतू सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध करायचा असतो. अपवाद लागू होतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. चिथावणी आरोपीने स्वतः ओढवून घेतलेली नसावी, तसेच ती लोकसेवकाच्या कायदेशीर कृतीतून किंवा कोणाच्या रास्त स्वसंरक्षणातून आलेली नसावी. बापाने डिवचले म्हणून त्याच्या मुलाला जाणूनबुजून मारले, तर तो खूनच.

या बचावाचा खरा कस वेळेवर लागतो. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी पत्नी व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, आधी आहुजाच्या कार्यालयात आणि मग त्याच्या घरी गेले. त्याला गोळ्या झाडून ठार केल्यावर ते पोलिसांच्या स्वाधीन झाले. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा त्यांचा मुख्य बचाव होता. पण नुकतीच आंघोळ केलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे गेले. तेथे झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी कायम केली. दीड वाजता घर सोडल्यापासून चार वीसला गोळीबार होईपर्यंत जवळपास तीन तास गेले होते; भानावर यायला तेवढा अवधी पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. पुढे राज्यपालांनी त्यांना माफी दिली.

आरोपीच्याच सामाजिक थरातला समंजस माणूस त्या परिस्थितीत ताबा गमावून बसला असता का, ही कसोटी याच निकालाने पक्की केली. शब्द आणि हावभावही चिथावणी ठरू शकतात, मृताची पूर्वीची वागणूकही पाहता येते. मात्र घाव त्या संतापातूनच पडलेला हवा, राग निवल्यावर आखलेल्या बेतातून नव्हे.

नानावटी प्रकरणात ही कसोटी न्याय्य होती. वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या बाईला मात्र ती जाचक ठरते. नवरा अंगावर धावून येतो तेव्हा तिचा हात उठत नाही. उठतो तो नवरा झोपल्यावर, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने राग निवायला हवा तेव्हा. इंग्लंडमधील १९४९ च्या डफी खटल्यात अशाच छळलेल्या पत्नीला खुनी ठरवण्यात आले. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ च्या सुयंबुक्कनी खटल्यात दीर्घकाळ साचत गेलेल्या प्रक्षोभाची दखल घेतली. हा विचार सर्वत्र रुजायला हवा होता. इंग्लंडने २००९ च्या कायद्याने जुना बचाव रद्द केला आणि ताबा सुटणे आकस्मिकच असावे, ही अट काढून टाकली. भारतीय न्याय संहितेने ती अट तशीच ठेवली आहे.