हा दिवा कुणासाठी जळतोय?

रिकाम्या खोलीत दिवा दिसला की आमचे अब्बा विचारायचे, "हा कुणासाठी जळतोय?" बिटकॉइनचा इतिहास वाचताना त्यांचा हा प्रश्न मला सारखा आठवत राहिला.

१९९२ साली सिंथिया ड्वॉर्क आणि मोनी नाओर या संगणकशास्त्रज्ञांनी नकोशा ई-मेलवर एक उपाय सुचवला. पत्र पाठवण्याआधी संगणकाने एक छोटे गणित सोडवावे. एका पत्राला ते जड नाही. लाखो पत्रे पाठवणाऱ्याला मात्र परवडू नये. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने आलेल्या निबंधाने याच जातीची कल्पना पैशाला लावली. बिटकॉइनच्या पहिल्या पानावर ३ जानेवारी २००९ ही तारीख आहे.

इथे बँक नाही. हिशेबाच्या वहीत पुढचे पान कोण लिहिणार, हे यंत्रांच्या शर्यतीत ठरते. हवी ती जुळणी सापडेपर्यंत यंत्रे अंदाजाने आकडे घालून पाहतात. जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात. यालाच 'खाणकाम' म्हणतात. हरलेल्यांची वीज फुकट गेली असे आपल्याला वाटते. पण वहीची राखण तीच करते. खोटे पान घुसवायचे तर इतरांहून जास्त वीज जाळावी लागेल, म्हणून कुणी धजत नाही. शिवाय दर २,०१६ पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, यंत्रांचे बळ पाहून कोडे अवघड किंवा सोपे होते. त्यामुळे नाण्याला भाव आहे तोवर, यंत्रे सुधारली तरी वीज वाचत नाही. शर्यत तेवढी वाढते.

चीनमधले खाणवाले धनगरांसारखे हिंडत. पावसाळ्यात सिचुआनच्या स्वस्त जलविजेपाशी, कोरड्या दिवसांत शिनजियांग आणि इनर मंगोलियातल्या कोळशाच्या विजेपाशी. २०२१ मध्ये चीनने बंदी घातली आणि बरीच यंत्रे शेजारच्या कझाकस्तानात गेली. तिथली बहुतेक वीज कोळशाची. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार ऑगस्ट २०२१ मध्ये जगातले १८ टक्के बिटकॉइन-खाणकाम त्या एका देशात होते. थंडीच्या तोंडावर विजेचा तुटवडा पडला आणि जानेवारी २०२२ मध्ये सरकारला खाणवाल्यांची वीज तोडावी लागली.

याला दुसरा मार्ग नव्हता का? होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चलनाने शर्यतच बंद केली. नाणी तारण ठेवणाऱ्यांमधून पान लिहिणारा निवडायचा आणि त्याने लबाडी केली तर तारण जप्त करायचे. वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. बिटकॉइनवाले म्हणतात, तारणाच्या पद्धतीत धनवंतांचे वजन वाढते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

केंब्रिजच्याच २०२५ च्या अहवालानुसार बिटकॉइन वर्षाला सुमारे १३,८०० कोटी युनिट वीज खाते. त्यातली निम्म्याहून थोडी अधिक वीज अक्षय स्रोतांची आणि अणुऊर्जेची आहे. तरीही जवळजवळ ४ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात.

अब्बा आज असते तर मी उत्तर दिले असते, "पहाऱ्यासाठी जळतोय." ते त्यांना पटलेही असते. पण मग त्यांनी दुसरा प्रश्न केला असता : वही ज्यांची, पहारा ज्यांचा, त्यांच्या दिव्याचा धूर दुसऱ्याच्या घरात का?