घरी 'मुळापासून' केलेला चॉकलेट क्रीम पाय : अमेरिकन स्वयंपाकघराच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

चॉकलेट क्रीम पाय हा अमेरिकेतील लोकप्रिय घरगुती गोड पदार्थ होय. मैद्याची भाजलेली खुसखुशीत पारी, त्यात दूध, अंडी, साखर व कोको यांचे शिजवून घट्ट केलेले सारण आणि वर फेटलेले क्रीम, असे त्याचे तीन थर असतात. तयार मिश्रण न वापरता तो घरी करणे, म्हणजेच 'फ्रॉम स्क्रॅच' करणे, हे तेथे सुगरणपणाचे लक्षण समजले जाते. शर्यतीच्या आरंभी जमिनीवर ओढल्या जाणाऱ्या रेषेवरून हा वाक्प्रचार रूढ झाला. प्रस्तुत लेखात या पदार्थाची आरंभरेषा इतिहासात नेमकी कोठे येते, याचा विचार करण्यात आला आहे.

घटकांची जडणघडण

मेसोअमेरिकेतील माया व ॲझटेक समाजांत कोको प्रामुख्याने पेय म्हणून वापरला जाई. स्पॅनिश विजयानंतर ते पेय युरोपात पोहोचले. मॅसॅच्युसेट्समधील डॉर्चेस्टर येथे 1765 मध्ये पाणचक्कीवर चॉकलेट दळले जाऊ लागले. 1828 मध्ये नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटेन यांच्या दाबयंत्राला पेटंट मिळाले. या यंत्राने कोकोतील बरीचशी चरबी निराळी काढता आल्यामुळे सुटी पूड तयार करणे शक्य झाले.

सारण घट्ट करणारे मक्याचे पिष्ट, म्हणजे भारतात कॉर्नफ्लोअर या नावाने परिचित असलेली पूड, हेही कारखान्याचेच अपत्य आहे. टॉमस किंग्जफर्ड यांनी 1842 मध्ये न्यू जर्सीत मक्यापासून ते वेगळे केले. प्रारंभी त्याचा उपयोग कपड्यांना खळ देण्यासाठी होत असे. स्वयंपाकात त्याचा प्रवेश नंतर झाला. पारीच्या मोहनासाठी लोणी किंवा डुकराची चरबी वापरली जाई. 1911 मध्ये 'क्रिस्को' हे सरकीच्या तेलापासून बनविलेले घट्ट वनस्पतिजन्य स्निग्ध द्रव्य बाजारात आले.

कृती, मोजमाप आणि श्रम

1896 मध्ये फॅनी फार्मर यांच्या पाकग्रंथाने सपाट भरलेल्या पेल्या-चमच्यांच्या मापांचा आग्रह धरला. मात्र मापांनी सर्व कौशल्य संपत नाही. मोहन थंड असतानाच पिठात मिसळावे लागते. रिकामी पारी भाजताना ती फुगू नये म्हणून तिच्यावर कडधान्याचे वजन ठेवतात. पिवळ्या बलकात गरम दूध थोडे थोडे मिसळावे लागते; एरवी गुठळ्या होतात. त्यानंतर मिश्रणाला पुन्हा उकळी आणणे आवश्यक असते. बलकातील विकर उष्णतेने निष्क्रिय झाले नाही, तर ते पिष्टाचे विघटन करते आणि घट्ट झालेले सारण काही तासांनी पातळ होते. पिष्टामुळे अंडे सहजासहजी फाटत नाही, म्हणूनच ही उकळी शक्य होते. या विकराचे नाव ठाऊक नसतानाही अनुभवी गृहिणी उकळीचे महत्त्व जाणत होत्या.

तयार मिश्रणांचे आगमन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चॉकलेट पुडिंगची तयार पूड अमेरिकन दुकानांत मिळू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर न शिजवता थंड दुधात घट्ट होणारी मिश्रणेही आली. जोपर्यंत सर्वच पाय घरी शिजवले जात, तोपर्यंत 'मुळापासून' असा भेद सांगण्याचे प्रयोजन नव्हते. पर्याय उपलब्ध झाल्यावरच जुन्या कृतीला प्रतिष्ठेचे नाव मिळाले.

निष्कर्ष

1. 'मुळापासून' केलेला पाय हा यंत्रयुगापूर्वीचा अवशेष नाही. कोको पूड, पिष्ट व मैदा कारखान्यातून आल्यानंतरच त्याची आरंभरेषा ओढली गेली.

2. तयार मिश्रणाने गृहिणीचे श्रम वाचविले. परंतु आच, उकळी आणि दाटपणा ओळखण्याचे तिचे ज्ञानही पुडीत बंद झाले.

3. या आरंभरेषेमागील श्रम घरगुती अभिमानात दिसत नाहीत. अमेरिका खंडातील उसाची शेती दीर्घकाळ गुलामांच्या श्रमावर चालली. पोर्तुगीज अमलाखालील साओ टोमे बेटावरील कोको-मळ्यांत सक्तीची मजुरी चालत असल्याने 1909 मध्ये कॅडबरी, फ्राय व राउंट्री या ब्रिटिश कंपन्यांनी तेथील खरेदी थांबविली. त्यामुळे पायचा इतिहास लिहिताना स्वयंपाकघराबरोबर मळ्याचाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते.