घरच्या घरी विज्ञान : हिंगोलीतील पालकांसाठी आंतरजालावरील मोफत मराठी साधने

औंढा नागनाथ हे नाव आजवर तेथील पुरातन मंदिरामुळे सर्वांना परिचित होते. त्याच तालुक्यातील दुधाळा येथे आता ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले व ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसरचे किरण धावतील आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म असा लांबीतील फरक टिपतील. आइनस्टाइन यांच्या सिद्धांताचा हा आधुनिक पडताळा आहे. (याच सिद्धांताच्या आधारे बेल्जियमचे कॅथॉलिक धर्मगुरू फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडले होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.)

परंतु या वेधशाळेच्या शेजारच्या गावातील मुलाने ‘लहर म्हणजे काय?’ असे विचारले, तर त्याला मराठीतून व पैसे न मोजता उत्तर कोठे मिळेल? या प्रश्नाने आम्हांला हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले.

घरशिक्षण म्हटले की पुण्या-मुंबईतील हौशी पालक डोळ्यांपुढे येतात. मराठवाड्यात त्याचे रूप वेगळे आहे. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडील गाव सोडतात, तेव्हा अनेक मुलांची शाळा कित्येक महिने सुटते. अशा वेळी बिऱ्हाडातील एक मोबाइल हीच त्यांची शाळा होऊ शकते, मात्र त्यात काय पाहावे हे कोणीतरी सांगावयास हवे.

पहिले साधन पाठ्यपुस्तकच. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. पाठाजवळ छापलेला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या शासकीय उपयोजनातून (२०१७) वाचला की त्या पाठाचे साहित्य उघडते. गावी असताना, जेथे जोडणी बरी मिळते तेथे, पुस्तके एकदाच उतरवून ठेवावीत. उसाच्या फडावर मग जोडणीवाचून अडत नाही.

आमच्या मते या सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे श्री. अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ. कानपूरच्या आयआयटीचे हे अभियंते पुण्यातील मोटार कारखान्यातील नोकरी सोडून मुलांच्या विज्ञानाकडे वळले. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले व २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लायगो-इंडियाच्या उभारणीत हीच आयुका सहभागी आहे, हा योग आम्हांस बोलका वाटतो. संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या शेकडो चित्रफिती आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके मोफत आहेत.

उदाहरणादाखल त्यांची विजेची छोटी मोटार घेऊ. टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची पट्टी, जुन्या स्पीकरचा चुंबक आणि लेप दिलेली तांब्याची तार एवढेच साहित्य लागते. शेतपंपांच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात अशा तारेचे तुकडे सहज मिळतात. तारेचे दहा-बारा वेढ्यांचे वेटोळे करून तिची टोके पिनांच्या छिद्रांत टेकवायची आणि खाली चुंबक ठेवायचा. खरी मेख टोकांच्या लेपात आहे. एका टोकाचा लेप पूर्ण खरवडायचा, दुसऱ्याचा केवळ अर्ध्या बाजूचा. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळे अर्ध्या फेऱ्यात पुढे ढकलले जाते व उरलेल्या अर्ध्यात मागे ओढले जाते. ते नुसते थरथरत राहते. अर्धा लेप राखला की नेमक्या त्या उलट्या अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते आणि वेटोळे आपल्याच वेगाने फेरा पुरा करते. पहिल्या खेपेस मोटार बहुधा फिरत नाही. लेप नीट निघालेला नसतो, किंवा वेटोळे एका बाजूस जड असते. हा दोष शोधण्यात मूल जे शिकते, ते उत्तर पाठ करून येत नाही. मात्र वेटोळे फार वेळ जोडून ठेवू नये, तार तापते. आणि घरातील बटणाच्या विजेवर हा प्रयोग कदापि करू देऊ नये.

साहित्य जमवणे शक्य नसेल तेथे ‘फेट’ उपयोगी पडते. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा उपक्रम सुरू केला. त्यातील आभासी प्रयोगांपैकी अनेक मराठीतही आहेत. दोरीवरील लहर मागे-पुढे हलवून पाहिली की दुधाळ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते. संज्ञा अडल्यास मराठी विश्वकोश आंतरजालावर खुला आहे. फक्त जुन्या खंडांचे प्रकाशनवर्ष पाहावे, कारण प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळले गेले.

ही साधने शाळेची जागा घेतात असे आम्ही म्हणत नाही. परीक्षेचा मार्ग मात्र खुला आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून १४ वर्षे पूर्ण झालेले मूल दहावीस बसू शकते, तेही मराठी माध्यमातून. हंगाम संपवून गावी परतणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळण्याचा अधिकार आहे. वर्ष सुरू होऊन गेले किंवा मागील शाळेचा दाखला यायचा आहे, या कारणांवरून तो नाकारता येत नाही.