पटकीचा कळस कोणत्या दिवशी?

इतिहासाला तारीख लागते. परंतु जुन्या दप्तरांत तारखेऐवजी पुष्कळदा आठवडा, महिना किंवा हंगामच हाती लागतो. अमुक आठवड्यात साथीने इतकी माणसे दगावली, एवढे सांगून कोष्टक गप्प बसते. साथीचा जोर नेमका कोणत्या दिवशी शिगेला पोचला, हे त्यातून कसे काढावे? प्रश्न वरवर हिशेबनिसाचा दिसतो. पण रोगाचे मूळ आणि रोगावरचा उपाय या दोहोंचा निवाडा 'आधी काय आणि नंतर काय' यावर होत असतो, आणि ते ठरवायला दिवसच माहीत असावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण लंडन शहरात १८५४ साली घडले. त्या शहराच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीट नावाचा रस्ता होता. ऑगस्टच्या अखेरीस तेथे पटकीचा भयंकर उद्रेक झाला. पटकी दूषित हवेने होते, असे तेव्हाचे बहुतेक विद्वान मानीत. डॉ. जॉन स्नो यांचे मत निराळे होते: रोग पाण्यातून पोटात जातो. त्यांचा संशय त्या रस्त्यावरच्या सार्वजनिक पंपावर गेला.

स्नो यांनी जन्ममृत्यू नोंदणी कचेरीतून २ सप्टेंबरच्या शनिवारी संपलेल्या आठवड्याची यादी मिळवली. आसपासच्या तीन पोटविभागांत पटकीचे ८९ मृत्यू नोंदले गेले होते. दुसरा कोणी असता तर '८९' हा आकडा टिपून घेऊन परतला असता. स्नो यांनी त्या आकड्याची गाठ सोडवली. पहिल्या चार दिवसांत ६ मृत्यू, गुरुवारी ४, आणि उरलेले ७९ शुक्रवार व शनिवार या दोन दिवसांत! म्हणजे उद्रेक गुरुवारी, ३१ ऑगस्टला सुरू झाला. आठवड्याच्या एका आकड्यात दडलेला हा स्फोट दिवस वेगळे केल्यावरच दिसला.

पुढे १८५५ साली त्यांनी आपल्या ग्रंथात ६१६ मृत्यूंचे दिवसवार कोष्टक छापले. त्यात मृत्यूंचा कळस २ सप्टेंबरला आहे: एका दिवसात १२७. आता हेच मृत्यू आपण आठवड्यांत बांधून पाहू. २७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर या आठवड्यात २०४ मृत्यू येतात, तर ३ ते ९ सप्टेंबरच्या आठवड्यात ३१५. केवळ साप्ताहिक कोष्टक पाहणारा म्हणेल, कळस दुसऱ्या आठवड्यात झाला. प्रत्यक्षात सर्वांत भयंकर दिवस पहिल्या आठवड्याच्या टोकाशी, शनिवारी, येऊन गेला होता! ज्या गटाची बेरीज मोठी, त्याच गटात सर्वांत मोठा दिवस असतो, हे गृहीत येथे साफ कोसळते.

शालेय गणितात यावर एक तोडगा शिकवतात. सर्वांत मोठा गट घ्यावा, त्याच्या मागच्या व पुढच्या गटांशी त्याचा फरक काढावा, आणि त्या प्रमाणात कळसाची जागा त्या गटाच्या आत सरकवावी. येथे मागचा गट २०४ आणि पुढचा सुमारे ७० असल्याने उत्तर ५ सप्टेंबरच्या आसपास येते. म्हणजे तीन दिवसांची चूक. दोष गणिताचा नव्हे. चढण आणि उतरण संथ असेल तर तो तोडगा चालतो. जेथे आकडा एका दिवसात ३ वरून ७० वर उडी घेतो, तेथे तो चालत नाही.

आणखी एक पेच आहे. कशाचा कळस शोधायचा? स्नो यांनी मृत्यूंच्या शेजारीच त्या रोग्यांना लागण कधी झाली, तेही मांडले. लागणीचा कळस १ सप्टेंबरला आहे: १४३. मृत्यूंच्या एक दिवस आधी. लागण आठवड्यांत बांधली तर पहिल्या आठवड्यात ३२६ आणि दुसऱ्यात २०७ येतात. एकाच साथीचा मोठा आठवडा मृत्यूंवरून पाहिला तर दुसरा, लागणीवरून पाहिला तर पहिला!

आता या तीन दिवसांचे मोल पाहा. स्नो यांनी ७ सप्टेंबरला तेथील पॅरिशच्या पंचांना भेटून आपले म्हणणे मांडले, आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. दांडा निघाला आणि साथ थांबली, अशी कथा पुढे लोकप्रिय झाली. कोष्टक काय सांगते? ८ सप्टेंबरला लागण १२ वर उतरली होती. कळसाला आठवडा लोटला होता, लोक घरे सोडून पळाले होते. दांडा काढण्यापूर्वीच साथ इतकी ओसरली होती की विहिरीत तेव्हा विष उरले होते की नाही हे सांगता येत नाही, असे स्वतः स्नो यांनीच नमूद केले. आपल्या यशाची कथा आपल्याच कोष्टकाने कापणारा हा प्रामाणिकपणा विरळा.

म्हणून दांडा काढणे व्यर्थ होते काय? नाही. हवेचा सिद्धांत मानणारे धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड स्नो यांना खोडून काढायला निघाले आणि शोधाअंती त्यांच्याच बाजूचे झाले. पंपाशेजारच्या घरात एक तान्हे मूल उद्रेकाच्या आधीच आजारी पडले होते, त्याचे मळके कपडे धुतलेले पाणी विहिरीलगतच्या शौचकुंडात जात होते, हे त्यांनी शोधले. त्या मुलाच्या बापाला ८ सप्टेंबरला, दांडा निघाला त्याच दिवशी, पटकी झाली. पंप चालू राहता तर दुसरा उद्रेक झाला असता, असे मानायला जागा आहे.

आपल्या मुंबईचेही उदाहरण आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगचे आठवडेवार मृत्यू घेऊन कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली त्यांवर एक वक्ररेषा बसवली. तिचा कळस सतराव्या आठवड्याशी, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यास येतो. तेथे चढउतार क्रमाक्रमाने झाला होता, म्हणून गणिताने साथ दिली.

तेव्हा जुने कोष्टक समोर आले की तीन प्रश्न विचारावेत. गट कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो? तारीख कशाची आहे, लागणीची, मृत्यूची की नोंदणीची? आणि चढण संथ आहे की एकाएकी? उत्तरे मिळाली तर दिवस सांगावा. न मिळाली तर आठवड्यावरच थांबावे. आठवड्यापुरते सांगण्यात इतिहासकाराला कमीपणा नाही. मात्र आठवड्यातून मनाने काढलेल्या दिवसावर कोणाच्या माथी यश वा अपयश मारणे, हा त्या ६१६ माणसांवरही अन्याय आहे.