दिनविशेष : १९ मार्च

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी देहावसान झाले आणि मिरामारची चिता पेटण्यापूर्वीच सुरू झालेली सत्तावाटपाची खलबते मध्यरात्र उलटेपर्यंत चालून, १९ मार्चच्या रात्री दोनच्या सुमारास दोनापावलाच्या राजभवनात साखळीचे आमदार प्रमोद सावंत यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. विजय सरदेसाई व सुदिन ढवळीकर या मित्रपक्षीय नेत्यांच्या वाट्यास उपमुख्यमंत्रिपदे आली. लईराईच्या जत्रेत गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांची माळ आणि हाती वेताची काठी घेऊन होमखंडापाशी रात्र जागविणाऱ्या धोंडांच्या आमच्या शिरगावास जागरणाचे अप्रूप नाही. तरीही शेजारच्या साखळीचा आमदार अपरात्री राज्याचा मुखत्यार होणे नवलाचेच होते.

उपमुख्यमंत्रिपदाचा राज्यघटनेत उल्लेख नाही. इतमाम मोठा, पण कायद्याच्या दफ्तरी हा गृहस्थ इतरांसारखाच एक मंत्री. महाराष्ट्रात १९७८ साली नासिकराव तिरपुडे या पदाचे पहिले मानकरी झाले, तेही आघाडीच्या तडजोडीतूनच. गोव्यात डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांनी मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्री अशी दोन्ही पदे भूषविली. तडजोडीतून आलेला मान तडजोडीतच जातो, हे ढवळीकरांस लवकर कळले : मार्च सरण्यापूर्वीच ते पदच्युत झाले, आणि त्यांच्या जागी पेडण्याचे आमदार मनोहर ऊर्फ बाबू आजगावकर आले. सरदेसाई जुलैत गेले. त्यांच्यानंतर चंद्रकांत कवळेकर. पुढे २०२२ च्या निवडणुकीत आजगावकर व कवळेकर दोघेही पराभूत झाले, आणि सावंत यांनी दुसरे मंत्रिमंडळ उपमुख्यमंत्र्याविनाच बनविले.