आंतरराष्ट्रीय संबंध की सामरिकशास्त्र?

परराष्ट्र सेवेचे किंवा देशाच्या सुरक्षेशी निगडित कामाचे आकर्षण असलेला विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहितीपत्रके चाळू लागला, की दोन नावे हमखास समोर येतात. आंतरराष्ट्रीय संबंध हे एक, संरक्षण व सामरिकशास्त्र हे दुसरे. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा उगम वेगळा आहे, प्रश्न विचारण्याची रीत वेगळी आहे आणि पुढील वाटाही काही अंशी वेगळ्या आहेत. ऐन उमेदीची दोन वर्षे ज्या विषयाला द्यायची, त्याचे स्वरूप प्रवेशापूर्वीच समजून घेणे हिताचे.

दोन उगम

आंतरराष्ट्रीय राजकारण हा विद्यापीठीय विषय म्हणून पहिल्या महायुद्धाच्या संहारातून जन्माला आला. १९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. भारतात १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' सुरू झाले. ते ज्या 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स'च्या पुढाकाराने उभे राहिले, तिचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचेही अध्यक्ष होते. १९७० मध्ये ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली.

संरक्षणविषयक अभ्यासाला मात्र खरी निकड लाभली ती १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाने. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, ते यशवंतराव चव्हाण त्याच वर्षी संरक्षणमंत्री झाले. १९६३ मध्ये पुणे विद्यापीठात लष्करी अभ्यासाचा विभाग सुरू झाला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील आजचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग तो हाच. १९६५ मध्ये दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिला गोव्याचे मुख्यमंत्री व देशाचे संरक्षणमंत्री राहिलेले मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले.

एक घटना, दोन दृष्टी

दोन्ही विषयांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील चकमकीत २० भारतीय जवानांना वीरमरण आले. आंतरराष्ट्रीय संबंधांचा विद्यार्थी या घटनेकडे पाहताना प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्यासाठी १९९३ आणि १९९६ मध्ये झालेले करार, उभय देशांतील व्यापार आणि महासत्तांचा समतोल यांपासून सुरुवात करील. सामरिकशास्त्राचा विद्यार्थी भूरचना, रस्ते, रसद, सैन्याची तैनाती आणि हिवाळ्यातील पुरवठा यांचा विचार आधी करील. पूर्ण चित्र दोघांच्या उत्तरांतून मिळते. पण सुरुवातीचा प्रश्न निराळा असतो.

'सुरक्षा' या संज्ञेचा अर्थही गेल्या काही दशकांत विस्तारला आहे. १९८३ मध्ये ब्रिटिश अभ्यासक बॅरी बुझान यांनी सुरक्षेचा विचार केवळ लष्करापुरता न ठेवता राजकीय, आर्थिक, सामाजिक व पर्यावरणीय अंगांनीही करावा, अशी मांडणी केली. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने 'मानवी सुरक्षा' ही कल्पना रूढ केली. त्यामुळे पाणी, ऊर्जा, सायबर क्षेत्र, साथीचे रोग हे विषयही आता या अभ्यासाच्या कक्षेत येतात. भारतीय राज्यविचाराची बैठक हवी असणाऱ्यांना कौटिल्याचे अर्थशास्त्र टाळता येत नाही. त्याची प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठानेच प्रसिद्ध केली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग आणि आरमार यांविषयी केलेले विवेचनही याच परंपरेतले.

प्रवेश आणि पुढील वाटा

जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एम. ए. चा प्रवेश सामायिक पदव्युत्तर प्रवेश परीक्षेद्वारे होतो. तेथे आंतरराष्ट्रीय अध्ययनाची प्रशाला आहे आणि राष्ट्रीय सुरक्षा अध्ययनाचे विशेष केंद्र स्वतंत्र आहे. अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे 'नेट'मध्ये, 'संरक्षण व सामरिक अध्ययन' आणि 'आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अध्ययन' हे दोन स्वतंत्र विषय आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय आहे. संरक्षणशास्त्र मात्र त्या यादीत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज नोकरीविषयी आढळतो. यांपैकी कोणतीही पदवी परराष्ट्र सेवेत किंवा सैन्यदलात थेट प्रवेश देत नाही. परराष्ट्र सेवेसाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर नागरी सेवा परीक्षा देऊ शकतो. निवडीनंतर त्याला प्रशिक्षणाचा भाग म्हणून एक परकीय भाषा शिकावी लागते. सैन्यदलातील अधिकारीपदाची निवडप्रक्रिया स्वतंत्र आहे. संशोधन संस्था, पत्रकारिता, जोखीम विश्लेषण, अध्यापन ही या पदवीची स्वाभाविक क्षेत्रे होत. तेथे एखाद्या प्रदेशाचे सखोल ज्ञान आणि तेथील भाषा यांचे मोल पदवीच्या नावाहून अधिक ठरते.

बंद कपाटे

या विषयाच्या अभ्यासकाला एका अडचणीची तयारी ठेवावी लागते. १९६२ च्या पराभवाची चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. सरकारने तो अद्याप अधिकृतपणे खुला केलेला नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलेल्या धोरणानुसार युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः २५ वर्षांनी खुली व्हावयाची आहेत. तोवर संसदेतील चर्चा, अर्थसंकल्पीय आकडे, निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे आणि परदेशी दफ्तरे यांवर भिस्त ठेवावी लागते. उपलब्ध पुराव्याहून अधिक न बोलण्याची शिस्त या अभ्यासात प्रथम अंगी बाणवावी लागते, ती यामुळेच.

गणवेश न घातलेल्यांनी हा विषय का शिकावा, याचे उत्तर कारगिलनंतरच्या घडामोडींत मिळते. १९९९ मध्ये नेमलेल्या कारगिल आढावा समितीचे अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम हे सनदी अधिकारी होते. त्यांच्यासोबत एक निवृत्त सेनाधिकारी, एक पत्रकार आणि एक राजनैतिक अधिकारी होते. या अहवालानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये संरक्षण दलप्रमुख पदाची शिफारस केली आणि पहिले दलप्रमुख १ जानेवारी २०२० रोजी रुजू झाले. शिफारस आणि अंमलबजावणी यांमधील जवळपास दोन दशकांत हा प्रश्न जिवंत राहिला, तो त्यावर सातत्याने लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या अभ्यासकांमुळेही. या विद्यार्थ्याकडून देशाची अपेक्षा असते ती अशाच चिकाटीची.